हजारातली एक

"झटक्याचा धोका निम्म्यावर!" पत्रक म्हणतं.
आपोंदी तिथेच अडते.
निम्म्यावर, म्हणजे कशाच्या?

किसुमूच्या बारक्या स्टुडिओत पंखा बंद,
माईकला त्याची घरघर ऐकू जाते.
डॉक्टर ओगुतूंना तिसरा फोन.
मग तक्त्याच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत :
हजारांत दोघींना झटका.
गोळी घेतली, तर एकीला.

सहाच्या बातम्यांत ती लुओ भाषेत सांगते :
"वाळल्या ओमेनाचं एक माप घ्या, हजार मासळ्या धरा.
दोन खराब निघायच्या, तिथे एक.
आणि गोळीपायी पोट बिघडणाऱ्या, चाळीस."

लगेच फोन, डुंगाच्या धक्क्यावरून.
"पोरी, माप कळलं.
पण माझ्या आईला आला होता झटका.
घेऊ की नको, तेवढं सांग."

तीन सेकंद रेडिओवर काहीच नाही.
काचेपलीकडे संपादकाचे हातवारे.

"आईचं आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.
हजारातल्या सगळ्या सारख्या नसतात.
तुमचं माप वेगळं असेल.
किती वेगळं, मला माहीत नाही."

पलीकडे टोपलीत मासळी ओतल्याचा आवाज.
"माहीत नाही म्हणालीस ना," बाई म्हणते,
"म्हणून जाते उद्या."