हातचा

दुसरीच्या वर्गात अठ्ठावीस वह्या.
रोज शाळा सुटण्याआधी
प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर लिहिते मी
आज काय झालं ते. निळ्या पेनानं;
लाल शाई दिसली की न वाचताच
पोराच्या पाठीत धपाटा बसतो.

“आज हातच्याची वजाबाकी शिकवली.
घरी पाच उदाहरणे करून घ्यावीत.
पालकांची सही.”
आणि पुढे एक रेघ, ताटकळत.

जानोरीच्या शाळेत मार्गशीर्षात पट वाढतो.
पेठहून, सुरगाण्याहून टेम्पो येतात
द्राक्षांच्या विरळणीला.
आईबाप मांडवाखाली जातात, मान वर करून,
दिवसभर तशीच ठेवून,
आणि पोरं येतात माझ्याकडे
खताच्या पिशवीत पाटी घालून.

तशी आली रविना भोये.
तिच्या वहीत दुसऱ्या दिवशी सही होती:
फुलवंता भोये.
फचं शेपूट उलट्या बाजूला.
श्रुतलेखनातल्या ‘फळा’लाही
अगदी तसंच शेपूट.

मी बोलले नाही.
तीन आठवडे मी रविनालाच कळवत राहिले रविनाची प्रगती,
आणि ती मला कळवत राहिली आईची पसंती.

मग एकदा लिहिलं:
“रविना वाचताना अडखळते. लक्ष द्यावे.”
सकाळी विचारलं,
आईला वाचून दाखवलंस?
“हो बाई.”
काय वाचलंस?
“रविना चांगली वाचते, आसं.”
अडखळलीस का मधे?
“नाय बाई. एकदाबी नाय.”

एकदाही न अडखळता
तिनं वाचलं होतं
मी न लिहिलेलं वाक्य.

हसू आलं. मग नाही आलं.
घरी जाताना ओझरच्या रिक्षात
माझंच अक्षर डोळ्यांपुढे:
करून घ्यावीत. द्यावे. घ्यावी.
कुणाशी बोलत होते मी इतकी वर्षं,
असं, नोटीस लावल्यासारखं?

त्या दिवसापासून रविनाच्या पानावर
मोठ्ठं अक्षर, जोडाक्षर नाही, एकच ओळ:
आई, आज किती मणी काढले?

ती वाचायला तिला अख्खी वाट लागली म्हणे,
शाळेपासून पालापर्यंत.
सकाळी रेघ कोरी. पण रविना उभी राहिली:
“आई म्हने घडात पंचाहत्तर मणी ठेवायचे,
शेठनं सांगेल आहे.”
आणि ब्याण्णव भरले तर?
मी फळ्यावर मांडलं.
दोनातून पाच जात नाहीत, अख्खा वर्ग ओरडला,
शेजारून दहा आणा!
“आई म्हने काढलेले कोन मोजतं,
राहिलेले मोजायचे.
घड हातात धरून, बोटानं.”
मण्यांची माळ कपाटातच राहिली त्या दिवशी.

आता ट्रॅक्टरवाल्याचा हर्षल
डिझेलचे लिटर घेऊन येतो,
किराणावाल्या बूबांची अल्फिया उधारीची बेरीज
(ती मी फळ्यावर घेत नाही,
अर्ध्या गावाची नावं आहेत तिच्यात).

केंद्रप्रमुख आले, वह्या चाळल्या.
“मॅडम, सह्या कुठंयत?
पालक संपर्काच्या रकान्यात काय भरू?”
मी म्हटलं, चालू आहे लिहा.
त्यांनी ‘अंशतः’ लिहिलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी टेम्पो परत निघाला.
रविनानं वही दिली, तपासायला,
आणि दारातच थांबली, चप्पल न घालता.
शेवटच्या पानावर मीच टाकलेलं गणित,
ब्याण्णव वजा पंचाहत्तर.
उत्तराच्या जागी काही नाही.
खाली सहीच्या रेघेवर मात्र
बारीक बारीक गोल, एकाला एक चिकटून,
रेघ संपली तिथून खाली लोंबलेले, घडासारखे.

मोजले. सतरा.
पुन्हा मोजले.

रविनाचे गोल नेहमी उघडे राहतात,
शेवट सुरुवातीला भेटत नाही.
हे सगळे बंद होते.