दंत्य

पहिल्या दिवशी तोंडात कुणी पाहुणा उतरला होता
आणि लाळ त्याच्या सरबराईला धावत होती.
जीभ उठून उठून बघून यायची,
अजून आहे का, आणि कुठे बसलाय.
टाळूला गुलाबी ताटली, दोन तारेच्या कड्या,
पुढचा एक दात, बाजूचे तीन.
डॉक्टर अलेप्पोच्या. म्हणाल्या, रंग बाकीच्यांशी जुळता घेतलाय.
म्हणजे सत्तावीस वर्षांच्या कडक चहाचा.

खरे तीन चिपळूणला काढले, तीन सुट्ट्यांत.
इथे दिनार पडतात, म्हणून दुखणं आम्ही बॅगेत भरून गावी नेतो,
भाच्यांच्या चॉकलेटांशेजारी.
एक मावसबहिणीच्या हळदीच्या आदल्या दिवशी गेला,
एक वीजबिल भरून परतताना.
चौथा इथेच, सित्राच्या गोदामात,
कात्री कुठे शोधायची, म्हणून टेप दाताने तोडताना.

शाळेत बोंद्रेबाई स्वतःच्या ओठांकडे बोट करून शिकवायच्या:
कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य.
मला वाटायचं, एसटीच्या पाटीवरची पाच गावं.
आता दंत्यला गाडी थांबत नाही.
त, थ, द, ध ओले होऊन उतरतात
आणि स तर शीळ घालतो,
या वयात कुणी घालू नये तशी.

म्हणून दुपारी, शेल्फांच्या गल्लीत कुणी नसताना
मी माल मोठ्याने वाचतो.
स्टेनलेस स्टीलचे सॉकेट, साडेसातशे.
सील. स्टड. तांब्याची तार.
च जास्त छळतो. चाक म्हणताना एक, चिंच म्हणताना दुसरा,
आपल्या भाषेने एका अक्षरात दोन भाडेकरू ठेवलेत
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

टाळूला आता ऊन-गार समजत नाही.
चहा थेट घशाला भाजतो, मग कळतं, गरम होता.
खजुराची बी ताटलीवर टक्‌ वाजली
तेव्हा वाटलं, गेले चाळीस दिनार.
काढून धुतली, उजेडात धरली. बीच होती.
चणे आहेत, दातही आहेत, म्हणीची बोलती बंद.
तरी चणे मी भिजवूनच खातो.

रात्री फोनवर दमयंती.
त्या नावात आधी द, मग न, मग त,
लग्न ठरवताना हे कुणी बघितलं नव्हतं.
"तोंडात काय आहे?"
"खजूर."
दुसऱ्या रात्रीही खजूर. तिसऱ्या रात्री म्हणाली,
"प्यायलायस का?"
सुट्टीसाठी साहेबापुढे दाताच्या कण्या केल्या, त्याचंच हे,
असं काही विनोदी सांगणार होतो,
पण वाक्यात फार स होते.
कॅमेरा लावला आणि ताटली काढून दाखवली.
ती बसलेल्या गालाकडे बघत राहिली.
"परत घाल." घातली.
"आता काढ."
मग हसली, तोंडावर हात धरून.
तो हात तिथे किती वर्षं आहे
हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या रात्रीही नाही.

झोपताना ती पाण्यात ठेवायची असते, ग्लासात.
समोरच्या खाटेवर थंकच्चन, अकरा वर्षं.
त्याच्यासमोर पंचा बदललाय, रडलोय एकदा,
पण हे नाही.
दिवा गेल्यावर ठेवायचो, तो उठायच्या आत घालायचो.
नवव्या पहाटे हात ग्लासाकडे गेला
तर वर बशी.
एसीची धूळ पडते ना खोलीत.
तो भिंतीकडे तोंड करून झोपलेला, किंवा तसा पडलेला.
घातली. खट्‌ झालं, बऱ्यापैकी मोठ्याने.
"थंकच्चन," अंधारात म्हणालो, थ जपून.
"हं?"
"काही नाही. चहा ठेवू?"