सरकी

लसीच्या कार्डावर तिचं नाव स्नोबेल.
हेमांगी बंगळूरला गेली, कार्ड इथे राहिलं,
मांजर इथे राहिलं,
आणि धरणगावात आमच्या गल्लीत
स्नोबेल कुणाच्या जिभेवर बसेना.
मी सरकी म्हणतो.
वरून पांढरा कापूस, फुंकर मारली की आत करडा दाणा.

एकतीस वर्षं जिनिंगमध्ये ग्रेडर होतो.
गाडीच्या पोटातून मूठभर कापूस ओढायचा,
दोन अंगठ्यांत धरून विंचरत विंचरत
धागा मोजायचा, पट्टीशिवाय,
आणि गाडीवाल्याकडे न बघता आकडा सांगायचा.
तीच बोटं आता स्टीलच्या कंगव्यावर.

मे महिना. ओल्या फरशीवर ती आडवी,
सांडल्यासारखी.
जळगावच्या डॉक्टरांना म्हणालो, एवढं ऊन, भादरूनच टाका.
ते म्हणाले, काका, उन्हात तुम्ही
डोक्याचा रुमाल सोडता का?

मग रोज बसतो.
मुळापासून ओढायचं नाही.
टोकाकडून सुरू करायचं, बोटभर वर सरकायचं,
गाठ आली की मुळाशी केस चिमटीत धरायचे,
म्हणजे ओढ कातडीपर्यंत जात नाही.
गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर.
बोटांनी फोडायची, एकीच्या दोन, दोनाच्या चार.
कात्री नाही.
कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
गाठीबरोबर वर उचलली जाते,
कळत नाही कुठे केस संपले.

काखेतली गाठ काढताना ती गुरगुरते.
"उगी ऱ्हाय व माय, उगी,"
बँकेत, जावयाशी मी पुस्तकी बोलतो,
हिच्याशी मात्र अहिराणीच निघते.

हेमांगी दुसरीत होती.
कोकिळा धुळ्याला सिव्हिलमध्ये, आठ दिवस.
सकाळची शाळा, वेणी माझ्याकडे.
मी मुळापासून ओढलं.
मानेमागे गुंता होता, लिंबाएवढा,
घंटेला दहा मिनिटं.
मी कात्री आणली.
ती आरशात बघत राहिली, मला नाही, कात्रीला.
संध्याकाळी डबा काढताना
दप्तराच्या पुढच्या कप्प्यात
वहीच्या कागदात बांधलेली पुडी सापडली.
मी ती परत होती तशी ठेवली.

रात्री व्हिडिओ कॉल.
"बाबा, पोट विंचरलं?"
विंचरलं, म्हणतो. खोटं.
पोटाला ती कुणालाच हात लावू देत नाही.
हेमांगीचे केस आता कानापर्यंतच,
कधी कापले, ते मी विचारलेलं नाही.
"छान दिसतात," मी म्हणतो.
"रोज विंचरता ना, म्हणून," ती म्हणते,
"जरा शेपटी दाखवा."
मी फोन खाली वळवतो.

कंगव्यातून निघालेला झुपका
सवयीने अंगठ्यांत धरतो, ओढतो.
लांब धागा. ओल नाही, कचरा नाही.
एवढा माल एकतीस वर्षांत एकदाही
गाडीवर आला नव्हता.
आकडा सांगायला समोर कोणी नाही.

सरकी उठते, दोन पावलं लांब जाऊन बसते,
आणि मी विंचरलेला प्रत्येक केस
खरखरीत जिभेने पुन्हा,
उलट्या बाजूने,
तपासायला घेते.