आजचं धरून

कुशावतीच्या वळणावर उजवा पंख खाली केला
तेव्हा दिसली ती, रिवणच्या वरच्या सड्यावर,
कुणी बोटानं ओढून पुसायची विसरलेली
तांबडी रेघ.
चारशे ऐंशी मीटर. म्हणजे, कागदावर.
खाण बंद पडून सोळा वर्षं झाली
आणि सोळा पावसाळ्यांनी
आपापल्या सह्या केल्यात तिच्यावर.

शेजारी प्रियोळकरबाई, खाण खात्याच्या,
मोजणीचं यंत्र मांडीवर, तान्ह्या बाळासारखं.
"इथं किती वेळा उतरलात?"
"आजचं धरून?" मी विचारलं.
त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

काब्रालसर शिकवायचे, वास्कोच्या कँटीनमध्ये
बशी तिरकी धरून, तिच्यावर पावाचा तुकडा सरकवत:
चढावर उतरताना डोळे खोटं बोलतात.
वाटतं, आपण फार उंच आहोत.
म्हणून नाक खाली घालतो
आणि काजूची झाडं वर येतात.
डोळ्यांचं ऐकू नकोस, काट्याचं ऐक.
तोवर बशीतला चहा त्यांच्या बाहीत गेलेला असायचा.

साठ नॉट. फ्लॅप पूर्ण.
डोळे ओरडतायत, उंच, उंच, उंच.
काटा गप्प.
धावपट्टी संपते तिथं डोंगरच उभा,
तेव्हा या काजूच्या ओळीनंतर
विचार बदलायची सोय नाही.
पुनो वेलिपनं बांबूला बांधलेला लाल टॉवेल
एकीकडे फडकतो, मग दुसरीकडे.
त्याला परवडतं.

काजू गेले.
सपाट जमीन असती तर नुसतं वाट बघायची होती
ती येईपर्यंत.
इथं ती अंगावरच येते
आणि नाक उचलायचं, अजून उचलायचं, थोडं थ्रॉटल देत,
भरली घागर विहिरीच्या काठाशी आल्यावर
देतात ना शेवटचा हिसका, तसं.

डावं चाक. दगड. हवा.
दोन्ही चाकं. घळ.
प्रियोळकरबाईंचं "म्हाळशे माये".
जांभ्याचे खडे पोटाखाली ताशा वाजवतात.

वेग सरतो. पण सरू द्यायचा नाही,
मध्येच थांबलो तर मागं घरंगळू.
विमान चढतं पोदेराच्या सायकलीसारखं,
उभ्यानं पॅडल मारत.
वर पोचल्यावर आडवं लावायचं.
पंखा थांबतो.
कानात एकदम खूप जागा होते.

पुनो येतो. घाई नाही.
एक चिरा चाकाखाली सरकवतो,
टाचेनं दाबून बघतो.
"सवकास येवपाचें गो बाय," म्हणतो,
"म्हशी हांकपाक वेळ लागता."
मला एकही म्हैस दिसली नव्हती.

"आणि परत?" बाई विचारतात, एका पायात बूट.
मी दाखवते, खाली गेलेली अख्खी रेघ,
तिच्या टोकाशी दरी.
इथं उतरायचं ते चढावर
आणि चढायचं ते उतारावरून.
चारला समुद्राचा वारा सुटला की.

त्या दरीकडे बघत नाहीत.
चिऱ्याकडे बघतात, बराच वेळ,
आणि मग खाली वाकून
स्वतःच्या हातानं
अजून थोडा आत सरकवतात.