पहिलं की दुसरं

अर्जातला पहिलाच प्रश्न: प्रायोगिक मानसशास्त्रच का?
उत्तर पाचशे शब्दांत.
बाहेर डेटनमधला डिसेंबर,
पार्किंगमध्ये मीठ फेकत फिरणारा ट्रक,
आणि मी जेवणाच्या सुट्टीत
चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत,
गार सँडविचवर लॅपटॉपचा उजेड पाडून बसलेली.

नाव लॉर्ना प्रुइट. वय चौतीस.
सांख्यिकी: सी वजा. ते झाकता येत नाही,
गुणपत्रक कॉलेज परस्पर पाठवतं.

अकरा वर्षं मी अंधाऱ्या खोलीत
लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं फिरवते आणि विचारते:
पहिलं स्पष्ट की दुसरं?
ट्रकवाले, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई,
लायसनसाठी आलेली, ओठ चावणारी पोरं.
प्रत्येकाला वाटतं ही परीक्षा आहे.
प्रत्येकजण पास व्हायला बघतो.

शंका अशी आली, की
दोन्ही भिंगं अगदी एकच असली
तरी फार थोडे म्हणतात, सारखंच.
बाकीचे म्हणतात, दुसरं.
का?
नंतर येतं म्हणून? कानात ताजं असतं म्हणून?
की 'दुसरं' म्हणताना
माझाच आवाज जरा चढतो?

मग एक वही केली. हिरवी. ड्रॉवरमध्ये, बिलांखाली.
नंबर नक्की झाला की शेवटी, जाता जाता,
तेच भिंग दोनदा दाखवायचं, विचारायचं,
आणि एक रेघ ओढायची.
दोनशे बारा माणसं.
दुसऱ्या खान्यात एकशे एकेचाळीस.
कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही,
तेव्हा तो होता.

शिफारसपत्रासाठी प्राध्यापिका बुखवाल्टरना लिहिलं.
उत्तर आलं: चेहरा आठवत नाही, माफ कर.
पण शेवटच्या पेपरात
'हा प्रश्नच चुकीचा आहे' असं लिहिणारी तूच ना?
मीच.
त्याच पेपरचा तो सी वजा.

तिसऱ्या पानावर चौकोन: संशोधनाचा अनुभव.
वही उघडली. दोनशे बारा, टाइप केलं,
आणि बोट थांबलं
व्हर्नन हॅस्केलपाशी.

मागच्या मार्चमध्ये आला होता. नंबर बदललाच नव्हता.
तरी आला, कोट घडी घालून मांडीवर ठेवला,
हनुवटी यंत्रावर टेकवली.
मी विचारलं, पहिलं की दुसरं?
बराच वेळ गेला.
मग त्यानं तोंड बाजूला काढलं आणि म्हणाला,
पोरी, तुला कोणतं हवंय ते सांग,
मी तेच म्हणतो.

मी हसले. तोही हसला.
तो गेल्यावर मी रेघ ओढली.
दुसऱ्या खान्यात.

म्हणजे एकशे चाळीस.
म्हणजे आणखी किती, कोण जाणे.
आणि दोनशे बारातल्या एकालाही
विचारलं नव्हतं: चालेल का?
आयुष्यभर प्रश्न विचारायची नोकरी,
आणि नेमका हाच राहिला.

दोनशे बारा खोडलं.
अनुभव: नाही.
पाचशे शब्दांत मात्र सगळं त्या एका रेघेबद्दल लिहिलं,
कोट, मार्च, माझा हात.
कशी शिकेन हे लिहायला जागा उरली नाही,
कशी चुकले तेवढंच मावलं.
निवड समिती काय म्हणेल, माहीत नाही.
बुखवाल्टरबाई कदाचित हसतील.

फी पंच्याहत्तर डॉलर. मफलर यंदा जुनाच.

शेवटी यंत्रानं विचारलं, पाठवायचं? नक्की?
हो.       नाही.
'हो' डावीकडे, ठळक, निळ्या पट्टीत,
आधी नजरेत भरावं असं.
कुणीतरी हे ठरवलं असणार, पगार घेऊन.

बाहेर दीडची अपॉइंटमेंट आली होती,
पायपुसण्यावर बूट घासत होती.
मी उजवीकडून वाचायला लागले.