आईकडचं

तैस्तो आता कानांनी लाकडं फोडतो.
बर्चचा ओंडका कोरडा असला की टणकन वाजतो,
ओला असला की नुसतंच ढप्प.
कुऱ्हाड चुकत नाही त्याची.
दर घावाला डोळे मिटते ती मी.

तेविसाव्या वर्षी, मार्चमध्ये,
तळ्यावर बर्फ अजून टणक होतं,
कुहमोच्या रस्त्यावर ट्रक हाकताना
मधोमध एक राखाडी डाग दिसला त्याला.
काच पुसली. पुन्हा पुसली.
सहा आठवड्यांत दुसरा डोळाही.
दुखलं काहीच नाही.

ओउलूच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर
एक लांबट गोल काढला, आत नागमोडी घड्या.
तंतुकणिका, म्हणाल्या. पेशीत अशा शेकडो.
पोटातला घास श्वासाशी इथं भेटतो आणि जळतो.
डोळ्याची नस भलती खादाड,
तिला उपास झेपत नाही.
मला आपल्या दिसल्या चुली.
घरोघरी, तशा पेशीपेशीत.

फार पूर्वी म्हणे एका पेशीनं दुसरीला गिळलं
आणि पचवलं नाही.
पाहुणी राहिली ती राहिलीच.
स्वयंपाकघर हातात घेतलं,
स्वतःची वही मात्र वेगळी ठेवली,
सोळा हजारांवर अक्षरांची.
आमच्या वहीत एक चुकलंय.

ही वही बापाकडून येत नाही.
आर्वोमामा भर दुपारी विहिरीच्या कठड्याला धडकायचा,
सगळे म्हणायचे, हातभट्टीनं गेले डोळे.
घरी आल्यावर आई तीन दिवस बोलली नाही.
चौथ्या दिवशी जेवताना म्हणाली,
"मी दिलं."
तैस्तो म्हणाला,
"त्याच चुलींवर चालायला शिकलो, आई.
मीठ दे."

त्याच्यापाशी वही मिटते.
मुलगे नुसते वाचतात, पुढे देत नाहीत.
मला लख्ख दिसतं,
दिव्याशिवाय सुईत दोरा ओवते मी.
आणि चौथा महिना आहे.
अजून कुणाला सांगितलेलं नाही.

माझा चेहरा त्याला दिसत नाही.
मधे धुकं, कडेला माझा एक कान,
केस, मागचं दार.
म्हणून मला बघायचं असलं
की तो तळ्याकडे बघतो.

आत्ता तो तळ्याकडे बघतोय.
"पायरी वेगळी वाजली," म्हणतो,
"पाऊल जडावलंय तुझं."

मी ओंडके उचलते,
कोरडे तेवढे,
आणि आत नेते.