चालणाऱ्यांना फुकट

पावणेपाचला एक ओलसर बोट
माझ्या पापणीखाली शिरतं
आणि पापणी वर उचलून आत बघतं,
घरात कोणी आहे का.
आहे गो बाय. जाणार कुठे.

हिचं नाव आम्ही यामिनी ठेवलं,
रात्रीवरून.
रात्रीला अजून कळलेलं नाही.

बाहेर दिवाडी बेट काळं,
खाजणावर डिसेंबरचं धुकं गुडघाभर,
पदेराच्या सायकलचा भोंगा वाजायला अजून सव्वा तास,
आणि सव्वा तास म्हणजे
एक वाटी, दोन चमचे, दांडा तुटलेला झारा
आणि "काऊ कुथे" शंभर वेळा.
काऊ निजलाय, यामू.
काऊलासुद्धा अक्कल आहे.

पाचला तिच्या बाबाचा फोन.
जहाज लिस्बनला लागलंय, तिथे रात्रीचे साडेअकरा,
भटारखान्यातली शेवटची कढई घासून तो वर आलाय.
"बघ, माझ्यासाठीच उठते ती," म्हणतो.
मी काही बोलत नाही.
ती कोणासाठीच उठत नाही.
पडद्यावरच्या त्याच्या नाकाला तिनं केळं भरवलं
आणि झाऱ्याकडे निघून गेली.

उपाय सगळ्यांकडे आहेत.
शेजारची फिलू म्हणाली, दनपारची न्हीद नाकाच,
रात्री दगडासारखी पडेल.
नाही निजवली.
पडली संध्याकाळी साडेपाचला,
भाताचा घास गालात धरून,
आणि उठली तीनला.
म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, दिवसा झोपली तर पहाटेही झोपेल,
झोपेला झोप लागते.
हे वाक्य मी फ्रीजवर चिकटवलं.
त्या दिवसापासून फ्रीज घोरतो.

एक ते चार सारं बेट मिटतं.
बाबल्याचं दुकान अर्ध्या शटरवर,
शटरखालच्या पट्टीभर सावलीत कुत्रा,
कुत्र्याच्या कानावर माशी, तीही बसलेली.
एकटी हीच टक्क,
गावाची राखण हिच्यावर सोपवून सगळे निजल्यासारखी.

सासऱ्यांच्या खाजणाला मानस आहे,
बांधातलं लाकडी दार.
भरतीनं रेटलं की आपलं आपण मिटतं,
ओहोटी लागली की आपलं आपण उघडतं.
सासरे रोज तिथे जातात, दाराला हात लावत नाहीत,
बघतात आणि येतात.
लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं,
हे काय काम झालं?

आता मीही दुपारी तिला खांद्यावर टाकून
धक्क्यावर जाते.
रायबंदरची फेरी चालणाऱ्यांना फुकट.
आम्ही नुसत्या चढणाऱ्या; उतरत नाही.
इंजिनाची थरथर लोखंडातून माझ्या पायांत येते,
पायांतून खांद्यात, खांद्यातून तिच्या गालात,
आणि मांडवीच्या मध्यावर मान जड होते.
अलीकडे नाही, पलीकडे नाही.
रायबंदरला स्कूटर उतरतात,
रिकामी पाटी घेऊन मासळीवाली चढते,
ओठांवर बोट ठेवून मलाच दटावते, मी काही बोललेच नसताना.
पुंडलीक फळी उचलतो.
कुठे जायचंय, हे त्यानं विचारणं
दुसऱ्या आठवड्यात सोडलं.

आज चौथ्या खेपेला मीच निजले असेन,
कठड्याला टेकून, उभ्यानं.
जाग आली तेव्हा फेरी दिवाडीला लागलेली,
माणसं उतरून गेलेली, इंजिन मात्र चालूच.
पुंडलीक फळीवर उकिडवा, पाठ आमच्याकडे,
धक्क्यावर भोंगा वाजवणाऱ्या टेम्पोला
हातानं म्हणतोय, थांब रे, थांब.

यामिनी जागी होती.
केव्हापासून, कोण जाणे.
तिचं बोट माझ्या पापणीपाशी होतं,
आत शिरलेलं नव्हतं.